एका फळीवरची दोन घड्याळं

प्रिय टिचके,

तुझं पत्र पोचलं. वरचं 'सप्रेम नमस्कार' वाचलं आणि म्हटलं, आता काही खरं नाही. लहानपणी तू मला 'ए आत्ये' म्हणायचीस, शाळेत गेल्यावर त्याचं 'आत्या' झालं आणि आता थेट 'आपण'. खाली तीन प्रश्न, वकिलाच्या नोटिशीत असतात तसे. तुझ्या बाबाशी माझं इतकी वर्षं बोलणं नाही, तर तो दुकानात पडला हे सगळ्यांत आधी मलाच कसं कळलं? दार आतून बंद असताना मी आत कशी शिरले? आणि त्याच्या भिंतीवरचं घड्याळ कुठे गेलं? त्याखाली हुकूम, की मी दवाखान्यात आले की बाबाचा रक्तदाब वाढतो, तेव्हा रविवारी तू त्याला तुझ्या गावी घेऊन जाईपर्यंत मी तिकडे फिरकू नये. दुकानाचा त्याचा अर्धा भाग तू रिकामा करणार आहेस, हेही जाता जाता एका ओळीत सांगून टाकलंस. मला राग आला असेल असं तुला वाटत असेल. आला नाही. उलट बरं वाटलं. संशय घ्यायला तू चुकली नाहीस म्हणजे तू आमचीच आहेस, खाण तशी माती.

आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर देते. घड्याळ मीच नेलं होतं. तू दुकानात गेलीस, फळ्यांच्या भिंतीवर घड्याळाच्या आकाराचा फिकट डाग पाहिलास, आणि आत्याने डाव साधला असं तुझ्या मनात आलं, ते साहजिक आहे. तुझ्या जागी मी असते तर पत्र लिहिलं नसतं, सरळ पोलीस घेऊन आले असते. पण घड्याळ मी उचललं ते त्याची काच फुटली होती आणि लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी वाकली होती म्हणून. तसंच ठेवलं असतं तर ती पट्टी कायमची गेली असती. कडी मात्र मी तोडलेली नाही, तो आरोप मागे घे. दार बाहेर उघडणारं आहे, बिजागऱ्या बाहेरून आहेत, त्यांचे स्क्रू काढले आणि दार उतरवून बाजूला ठेवलं. तोडफोड करणं आपल्या धंद्यात बसत नाही. आता मला कसं कळलं, हा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि ते आमच्या भांडणातून जातं, म्हणून शांतपणे बसून वाच.

तुझ्या आजोबांनी आम्हां दोघांना एकाच बाकावर बसवून हे काम शिकवलं. मी मोठी म्हणून मला आधी चिमटा मिळाला, एवढ्यावरून तुझा बाबा आठवडाभर रुसला होता. पहिला धडा लंबकाचा. आजोबा आम्हांला बागेतल्या झोपाळ्याकडे घेऊन गेले आणि आळीपाळीने झोके दिले. मी बसले काय, तो बसला काय, ते स्वतः त्यांचं पोट सांभाळत बसले काय, झोपाळा जाऊन परत यायला तेवढाच वेळ. लंबकाला वजनाचं काही पडलेलं नसतं, ते म्हणायचे, त्याला फक्त स्वतःची लांबी कळते. दोरी लांब केली की झोका सावकाश, आखूड केली की चपळ. झोका थोडा मोठा असो की छोटा, वेळ जवळजवळ तोच. 'जवळजवळ' या शब्दावर ते नेहमी बोट आपटायचे, कारण कारागिराचं सगळं आयुष्य त्या 'जवळजवळ'मध्ये जातं. उन्हाळ्यात लंबकाची दांडी केसभर वाढते आणि घड्याळ मागे पडतं, थंडीत ती आकसते आणि घड्याळ पुढे पळतं. म्हणून गोळ्याखाली एक नट असतो. तो वर फिरवला की गोळा वर चढतो, लंबक आखूड होतो, घड्याळाचा वेग वाढतो. खाली फिरवला की उलट. आणि टिकटिक म्हणजे काय, तर वजनाच्या ओढीने चाक सुसाट फिरायला बघतं आणि लंबकाबरोबर हलणारा एक आकडा त्याला दर झोक्याला एकेक दात पुढे सोडतो. दात अडतो तेव्हा टिक वाजतं, आणि सुटताना लंबकाला हलकासा धक्का देऊन जातो, म्हणून लंबक थकत नाही. तुला हे सगळं ठाऊक असेलही. तू दुकानात आलीस की दिसेल त्या लंबकाला टिचकी मारायचीस, म्हणून तर तुझं हे नाव पडलं.

हात थरथरायला लागण्याआधी आजोबांनी दोन मोठी घड्याळं बनवली, उंच पेटीतली, एका मापाची, एका धातूची, एकाच दिवशी चालू केलेली. दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं ज्यावरून लावायची, ती ही. एक पुरलं असतं. पण त्यांनी आपल्या पोरांना ओळखलं होतं, आपल्यामागे एका घड्याळावरून डोकी फुटतील म्हणून दोन केली. डोकी फुटायची ती फुटलीच, फक्त कारण दुसरं निघालं. तुझ्या बाबाला सेलवर चालणारी घड्याळं विकायला ठेवायची होती. मी म्हटलं, असली डबडी या दुकानात आली तर मी बाहेर जाईन. तो म्हणाला, दार उघडंच आहे ताई. तो हे हसत म्हणाला होता असं तुझी आई पुढे मला कितीदा सांगायची. मला ते हसू दिसलं नव्हतं, माझी पाठ होती त्याच्याकडे. महिन्याभरात सुताराला बोलावलं आणि दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी केली.

आता यात आमचा शहाणपणा बघ. जड लंबकाचं घड्याळ टांगायचं ते पक्क्या दगडविटांच्या भिंतीवर, हे या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. मला माझी पक्की भिंत होती, त्याला त्याची होती. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. ही फळ्यांची भिंत आहे, चार खिळे काढले की हलते, हा माणूस उद्या ती वीतभर माझ्याकडे सरकवेल आणि मी बघत बसेन. म्हणून मी माझं घड्याळ मुद्दाम त्या फळ्यांवर टांगलं. घड्याळ चालू असताना त्यामागची भिंत सरकवून दाखवा म्हणावं. लंबक लगेच चुगली करेल. मोठ्या चतुराईने मी हे केलं आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून ठोकण्याचा आवाज आला. त्यानेही नेमक्या त्याच जागी, पाठीला पाठ लावून, आपलं घड्याळ टांगलं. त्याच्याही मनात तेच. इतर कुठल्याही बाबतीत आमचं इतकं एकमत कधी झालं नाही.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. सुरुवातीला मला भिंतीतून त्याच्या घड्याळाची टिकटिक वेगळी ऐकू यायची, माझ्या टिकच्या मागोमाग त्याची टिक, उंबऱ्यात अडखळणाऱ्या माणसासारखी. काही दिवसांनी ती ऐकू येईनाशी झाली. मला वाटलं त्याचं बंद पडलं, मनातून जरा बरंही वाटलं. दूध आणायला जाताना त्याच्या काचेतून आत डोकावले तर लंबक चालू, काटे माझ्या घड्याळाच्या काट्यांशी तंतोतंत जुळलेले. माझी टिक आणि त्याची टिक एकाच क्षणी पडत होती, म्हणून एकच ऐकू येत होती. टिचके, दोन घड्याळं आपणहून असं करत नसतात. सख्खी जुळी असली तरी दिवसाकाठी सेकंद दोन सेकंद इकडेतिकडे होणारच, हे मी जन्मभर पाहिलंय. मग हे जुळलं कसं? कोणीतरी जुळवलं म्हणून. आणि माझं घड्याळ मी जुळवलेलं नव्हतं. म्हणजे हा माणूस माझ्या माघारी माझ्या दुकानात शिरतो, माझ्या घड्याळाशी आपलं मिळवून घेतो, आणि शिवाय ताकास तूर लागू देत नाही.

तेव्हापासून मी पाळत ठेवायला लागले. दुकान बंद करताना उंबऱ्यापाशी घोट्याच्या उंचीवर काळा दोरा बांधायचे. गोळ्याखालच्या नटावर रंगाचा बारीक ठिपका दिला, कोणी फिरवला तर कळावा. कुलूप बदललं, मग पुन्हा बदललं. शिंप्याचं दुकान समोरच, त्याला सांगून ठेवलं होतं की नजर असू दे, तो बिचारा मान हलवायचा आणि बहुधा तुझ्या बाबालाही तशीच मान हलवून दाखवायचा. तुझ्यावरही संशय घेतला गं, राग मानू नकोस. तू दोन्हीकडे येजा करायचीस, इकडे गोळी खायचीस, तिकडे गोळी खायचीस, आणि टिचक्या मारत हिंडायचीस. पण तुझा हात नटापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तू सुटलीस. दोरा कधी तुटला नाही. ठिपका कधी हलला नाही. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, चला, कोणी येत नाही. मी म्हटलं, चोर हुशार आहे.

शेवटी मी सापळा लावला. नट अगदी किंचित वर फिरवला, माझं घड्याळ हळूहळू पुढे जाईल एवढाच. त्याचं मागे राहील, आणि मग ते पुन्हा जुळलेलं दिसलं की चोरी शाबीत. चार दिवसांनी काचेतून पाहिलं. त्याचं माझ्याबरोबर पुढे गेलेलं. एका टिकचाही फरक नाही. पुढच्या आठवड्यात मात्र उलटंच दिसलं, माझ्या घड्याळाचा वेग कमी झाला होता, आणि नट तर जागेवर, ठिपका जागेवर. मी परत नट वर चढवला, परत काही दिवसांनी तेच. हे किती वर्षं चाललं ते विचारू नकोस. मी दर दोनचार महिन्यांनी माझं घड्याळ पुढे ढकलायचे, आणि कोण जाणे कसं, ते पुन्हा रेडिओच्या ठोक्यांशी येऊन मिळायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, बहीणभाऊ बोलत नाहीत पण वेळ दोघांची पक्की. मी तोंडावर हसायचे आणि आत दातओठ खायचे.

आता त्या दुपारी काय झालं ते ऐक. मी बाकावर वाकून एका गिऱ्हाइकाच्या मनगटी घड्याळाचं काम करत होते. पलीकडे धप्प झालं, भिंत एकदा हादरली, काच फुटल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. त्याच्या दुकानातल्या आवाजांशी मला देणंघेणं नाही, हे मी स्वतःला इतकी वर्षं बजावत आले होते. पण थोड्या वेळाने माझ्याच घड्याळाची टिकटिक मला ओळखू येईना. ती पातळ झाली होती. रोज ऐकतो त्यातला अर्धा आवाज कोणी काढून घ्यावा तशी. उठून भिंतीला तळवा लावला, आणि काय सांगू, भिंत हलत होती. हलत होती म्हणजे अगदी बारीक, केसभर इकडे, केसभर तिकडे, पण ठरावीक लयीत. इतक्या वर्षांत ती भिंत कधी हलली नव्हती. तिच्यावर दोन जड लंबक झुलत होते तरी ती दगडासारखी स्थिर असायची, मी तपासायचेच ना रोज. माझ्या डोक्यात एकच आलं. त्याने घड्याळ खाली उतरवलं आणि करवत घेऊन फळ्या कापायला बसला. भिंत सरकवतोय. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आज डाव साधला.

रंगेहाथ पकडायचं म्हणून मी मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर पडले. दार वाजवलं नाही. वाजवलं तर करवत लपवेल. काचेवर दुपारच्या उन्हासाठी पडदा ओढलेला, आतून कडी. मी एकेक स्क्रू काढला, समोरून शिंपी अरे अरे करत धावत आला, त्याला मी गप्प राहायची खूण केली. तू विचारलंस आत कशी शिरलीस, पण का शिरले त्याचं खरं उत्तर हे आहे, आणि ते मी दवाखान्यात कोणालाच सांगितलं नाही. काळजीने गेले असते तर मी काय केलं असतं? दार वाजवलं असतं, दोन हाका मारल्या असत्या, झोपला असेल म्हणून परत येऊन कामाला लागले असते. काळजी असलेली माणसं दाराशी थांबतात. मी त्याला चोर समजून गेले, म्हणून दार उतरवलं.

आत पाय टाकला आणि घोट्याला काहीतरी अडकून तुटलं. खाली पाहिलं तर काळा दोरा. उंबऱ्यापाशी, घोट्याच्या उंचीवर, आजोबांनी पार्सलं बांधायला शिकवलेल्या गाठीने बांधलेला. दुपारची वामकुक्षी घ्यायची तरी हा बाबा दोरा बांधून झोपत होता. मग तो दिसला. भिंतीच्या कडेला आडवा, एक हात अजून वर, पडताना आधाराला घड्याळाची पेटी धरली असावी, ती तिरकी होऊन त्याच्या खांद्यावर टेकलेली, लंबक एका बाजूला अडकून बंद. डोळे उघडे होते. त्याने मला पाहिलं. आणि टिचके, तुझ्या गळ्याची शपथ, त्या अवस्थेत त्या माणसाने माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं आणि मग नटाकडे पाहिलं. बोलता आलं असतं तर म्हणाला असता, सापडलीस. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, शिंप्याने गाडी आणली, पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून तासभर गेला असता तर हातचा गेला होता.

दवाखान्यात मी येते तेव्हा त्याचा रक्तदाब वाढतो म्हणतेस, तो का वाढतो हे तुला आता कळलं असेल. त्याला वाटतं मी चोरी करायलाच आत शिरले. माझी पिशवी दिसली की त्याचा चांगला डोळा तिच्यावर खिळतो, त्याला खात्री आहे की त्याचं घड्याळ त्यात कोंबून मी पळतेय. वाचा गेलीय, उजवा हात गेलाय, पण संशय जागच्या जागी आहे. खरं सांगू, तो डोळा पाहिला तेव्हा मला रडू आलं. संशय घ्यायला डोकं शाबूत लागतं, म्हणजे तो आत पुरता आहे. डॉक्टरही म्हणाले, त्याला सगळं कळतं, फक्त उत्तर देता येत नाही. मी त्याला समजावून सांगणारच होते, पण तोवर नर्सने मला बाहेर काढलं आणि मग तुझं पत्र आलं.

आणि समजावून सांगण्यासारखं मला कळलं ते त्यानंतरच. त्याचं घड्याळ माझ्या बाकावर दुरुस्त होत होतं, तेवढ्या दिवसांत माझं सुसाट पुढे पळायला लागलं. रेडिओचे ठोके पडायच्या कितीतरी आधी माझा काटा पोचलेला. साहजिक होतं, इतकी वर्षं मी नट वर वर चढवत नेला होता. मग त्याच्या गोळ्याखाली पाहिलं. त्याचा नट पार खाली, जवळजवळ सुटायला आलेला, आणि त्याच्यावर रंगाचा ठिपका. त्याचं घड्याळ पक्क्या भिंतीवर एकटं चालवून पाहिलं तर ते मागे रेंगाळत होतं. म्हणजे मी पुढे ढकलत होते आणि तो, आपलं घड्याळ कोणीतरी पळवतंय म्हणून चिडून, मागे ओढत होता. एकटं माझं चुकीचं, एकटं त्याचं चुकीचं, आणि दोघांची ओढाताण होऊन वेळ मात्र बरोबर. दुसरं कोणी याची कविता करेल. मी तरी याला दोन गाढवांची गाठ म्हणते.

पण ओढाताण होत होती ती कोणाच्या हाताने? मी त्याचं घड्याळ त्याच्या जागी, फळ्यांच्या पलीकडे परत टांगलं. फिकट डाग झाकला गेलाय, तू येऊन पाहशील. तुझ्या बाबाच्या स्टुलावर बसले आणि लंबक मुद्दाम वेडावाकडा, माझ्याशी अजिबात जुळणार नाही असा सोडला. दुकानात मी एकटी, दारं बंद, दोरे बांधलेले. टिक-टिक, टिक-टिक, दोन वेगवेगळ्या. नुसती बसून ऐकत राहिले. दुपार उलटता उलटता त्या जवळ येऊ लागल्या, आणि दिवे लागायच्या सुमारास एक झाल्या. कोणी हात लावला नव्हता. तेव्हा आजोबांचं एक वाक्य आठवलं, जे आम्ही म्हाताऱ्याची खुळी समजूत म्हणून सोडून दिलं होतं, की एका फळीवर दोन घड्याळं टांगू नयेत, एकमेकांच्या नादी लागतात. लंबक झुलताना भिंतीला प्रत्येक झोक्याला एक इवलासा रेटा देतो. पक्की भिंत तो पचवते. फळी तो पलीकडच्याला पोचवते, आणि पलीकडचा आपला रेटा परत पाठवतो. असं रेटारेटी करत करत दोघं एका लयीवर येतात, ती लय म्हणजे माझा लंबक रस्त्याकडे जातो तेव्हा त्याचा मागच्या भिंतीकडे. कायम एकमेकांच्या विरुद्ध. विरुद्ध जातात म्हणून दोन्ही रेटे एकमेकांना कापतात आणि भिंत स्थिर राहते. त्याचा बंद पडला, आणि माझा एकटाच रेटत राहिला, म्हणून भिंत हलायला लागली. करवत नव्हती. चोर नव्हता. इतकी वर्षं दाराशी दोरे बांधले आम्ही दोघांनी, आणि येणंजाणं चाललं होतं भिंतीतून.

हे सगळं तुला इतकं सविस्तर का लिहिलं? तू मागितलेली उत्तरं चार ओळींत मावली असती. हे पत्र तुझ्या नावाचं आहे, पण तुझ्यासाठी नाही. मला दवाखान्यात यायची बंदी आहे आणि माझ्या तोंडून तो ऐकणार नाही, म्हणून तुझ्या तोंडून सांगतेय. त्याच्या उशाशी बस आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता, त्याला वाचून दाखव. दोऱ्यापाशी आलीस की जरा थांब आणि त्याच्या तोंडाकडे बघ. रविवारी तू त्याला घेऊन जाणार, ते अडवायचा मला हक्क नाही. पण मला तो हवाय. मला तो भिंतीच्या पलीकडे हवाय, माझ्यावर डोळा ठेवून बसलेला, आणि वाचा परत आली तर मला चार शिव्या देणारा. त्याची अंघोळ, जेवण, औषधं सगळं मी करेन. त्याचं दुकान रिकामं करू नकोस. जायच्या आधी एकदा त्याला खुर्चीवर बसवून इथे आण, मी वाटल्यास समोर शिंप्याकडे जाऊन बसते. त्याचा चांगला हात भिंतीवर ठेव, मग त्याचा लंबक थांबव, आणि पुन्हा हात ठेव. तो नाही म्हणून मान हलवेल, ताई खोटं बोलतेय असं त्याच्या डोळ्यांत दिसेल. मग त्याला सांग, ताई म्हणते, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ये आणि स्वतः तपास.

तुझीच, संशयी ती संशयीच,
आत्या